आकाशातील गायरान : रेडिओ लहरी आणि आपली खेडी

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि रंगभूमी यांवर अधिकारवाणीने बोलणारे वक्ते आपण ऐकलेत. त्यांच्यानंतर टेलिफोनच्या तारा आणि मनोरे यांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला आपण येथे उभे केलेत, हे आपले औदार्य. विषय कोणता घेऊ, असे मी कार्यवाहांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही ज्यात मुरलात तेच सांगा, फक्त आम्हाला कळेल असं सांगा." मुरण्याचे काम वयाने परस्पर करून टाकले आहे, कळेल असे सांगण्याची जबाबदारी तेवढी माझ्याकडे उरते.

आपले ग्रंथालय १९२४ साली स्थापन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्याच सुमारास या देशात आणखी एक गोष्ट मूळ धरीत होती. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने आपले कार्यक्रम हवेत सोडण्यास प्रारंभ केला आणि १९२४ च्या जुलैअखेर मद्रासच्या क्लबने. म्हणजे आपले ग्रंथालय आणि भारतातील नभोवाणी ही जवळजवळ एका वयाची भावंडे होत. पुढे १९३३ साली बिनतारी यंत्रांचा कायदा झाला आणि परवान्यावाचून रेडिओ बाळगणे हा गुन्हा ठरला. आपल्यापैकी ज्यांचे केस माझ्यासारखे पांढरे झाले आहेत त्यांना ते परवान्याचे पुस्तक आठवत असेल. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट लावून घ्यायचे. हे काम वडील माझ्यावर सोपवीत. एकदा रांगेत उभे राहून कंटाळलो आणि घरी येऊन विचारले, "हवेतून येणाऱ्या आवाजाचे पैसे सरकारला कशाला? हवा काय सरकारच्या मालकीची आहे?" उत्तरादाखल पाठीत एक धपाटा मिळाला.

त्या प्रश्नाचे रीतसर उत्तर मला १९९५ च्या फेब्रुवारीत मिळाले, आणि तेही क्रिकेटच्या निमित्ताने. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो चषक स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले. त्यावरून माहिती व नभोवाणी मंत्रालयाशी वाद होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्रात स्पष्ट सांगितले गेले की, रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी, सार्वजनिक नियंत्रणाखालीच झाला पाहिजे. म्हणजे हवा सरकारची नाही. सरकार तिचे राखणदार आहे. गावच्या गायरानाचे असते तसेच हे. गायरान पाटलाचे नसते, तलाठ्याचेही नसते. गावाचे असते, आणि कुणाची जनावरे कुठे चरावीत एवढे कुणीतरी ठरवावे लागते. आजचे माझे बोलणे या आकाशातल्या गायरानाविषयी आहे. ते कसे वाटले गेले, त्यातला केवढा भाग वर्षानुवर्षे कुंपण घालून तसाच पडून राहिला, आणि त्यामुळे मोबाईलवरचे इंटरनेट कुठे पोहोचले व कुठे अडले, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी शब्दांविषयी थोडेसे. आपली वृत्तपत्रे गेली कित्येक वर्षे 'ध्वनिलहरींचा लिलाव' असे मथळे देत आली आहेत. ध्वनिलहर म्हणजे मी आत्ता तोंडाने काढतो आहे ती. तिचा लिलाव निघाला तर आपल्यापैकी पुष्कळ वक्ते दिवाळखोर होतील! लिलाव होतो तो रेडिओ लहरींच्या वर्णपटाचा, ज्याला व्यवहारात सगळेच स्पेक्ट्रम म्हणतात. मीही आज तोच शब्द वापरीन.

ही लहर दिसत नाही, पण तिला लांबी असते, आणि ती आपल्या घरगुती मापांनी मोजता येते. मोबाईलसाठी ७०० मेगाहर्ट्झचा जो पट्टा आहे, त्यातली लहर सुमारे ४३ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ एक हात लांब. ९०० मेगाहर्ट्झची लहर एका फुटाच्या थोडी वर. थ्री-जी ज्या पट्ट्यात आले त्या २१०० ची १४ सेंटीमीटर, एका वितीलाही कमी. फाइव्ह-जीच्या ३३०० ची चार-पाच बोटे. आणि अलीकडे विकल्या गेलेल्या २६ गिगाहर्ट्झची एका सेंटीमीटरहून जराशी जास्त. जाता जाता सांगतो की, आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कलकत्त्यात प्रयोग करून दाखविले ते याहूनही आखूड, सुमारे पाच मिलिमीटरच्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या लहरींवर. ज्या प्रदेशाकडे मोबाईलचे तंत्र आज नव्या नवलाईने वळते आहे, तिथे आपला माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी जाऊन आला होता.

लांब लहर दूर जाते. टेकडीला थोडीशी वळसा घालते, झाडीतून आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. आखूड लहर लवकर दमते. पावसाळ्यात सह्याद्रीतली ओली पाने तिला अक्षरशः पिऊन टाकतात. समजा, लांब लहरीच्या मनोऱ्याची हाक आखूड लहरीच्या दुप्पट अंतरावर पोहोचली, तर तो मनोरा चौपट क्षेत्र सांभाळतो, कारण अंतर दुप्पट झाले की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट होते. चार मनोऱ्यांचे काम एक करतो. शहरात याचे फारसे महत्त्व नाही. तिथे प्रत्येक चौकात मनोरा उभारला तरी गिऱ्हाईक मिळते. पण चाळीस उंबऱ्यांच्या वाडीसाठी मनोरा, त्याची वीज, डिझेल आणि रखवाली यांचा हिशोब कुठल्याच कंपनीच्या वहीत जुळत नाही. तिथे चारांऐवजी एका मनोऱ्यात भागते की नाही, यावरच वाडीला फोन मिळणार की नाही हे ठरते.

दुसरी गोष्ट पट्ट्याच्या रुंदीची. पाटाचा काट जेवढा रुंद तेवढे पाणी जास्त, तसेच इथे. आपल्याकडे मोबाईल आला तेव्हा कंपनीला प्रारंभी ४.४ मेगाहर्ट्झ मिळत असत. टू-जीचा एक मार्ग म्हणजे ०.२ मेगाहर्ट्झ, तेव्हा असे २२ मार्ग झाले, आणि प्रत्येक मार्गावर आठ संभाषणे. बोलण्यापुरते हे ठीक होते. पण थ्री-जीचा एकच मार्ग ५ मेगाहर्ट्झचा असतो; म्हणजे त्या मूळच्या वाटणीत थ्री-जीची एक गाडीही शिरली नसती. फोर-जीला तर मनाजोगे चालायचे झाल्यास २० मेगाहर्ट्झपर्यंत जागा हवी. पट्टा अरुंद असेल तर त्याच लहरी पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी मनोरे जवळ जवळ उभारावे लागतात. थोडक्यात, कमी पडलेल्या लहरींची भरपाई लोखंड, सिमेंट आणि डिझेल यांनी करावी लागते. शहरे ती किंमत सोसू शकतात, खेडी सोसू शकत नाहीत. मागासलेल्या प्रदेशांत मोबाईलवरचे इंटरनेट का रखडते, याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. फोन महाग, वीज नाही, लिहिता-वाचता येत नाही. ती सारी खरी आहेत. पण त्यांच्या मुळाशी हा लहरींचा आणि लोखंडाचा हिशोब असतो, आणि तो सहसा कुणी सांगत नाही.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाईल फोन केला. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर असल्याचे दिवस ते. आम्ही टेलिफोनमधली माणसे तेव्हा आपापसात म्हणत होतो की, ही श्रीमंतांची चैन आहे, दहा वर्षांत विरून जाईल. आमचे भाकीत किती अचूक ठरले ते आपण जाणताच.

देशाची तेव्हा टेलिफोनच्या सोयीने मंडळे पाडण्यात आली, आणि आज त्यांची संख्या २२ आहे. या मंडळांचा नकाशा मोठा मजेदार आहे. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढलेली. गोवा मात्र महाराष्ट्राच्या मंडळात सामील. इंदूर-ग्वाल्हेरचे मराठी लोक मध्य प्रदेश मंडळात, बडोद्याचे गुजरातेत, हैदराबादचे आंध्रात आणि आपण कर्नाटकात. सीमाप्रश्नावर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. मी त्यात भर घालीत नाही. फक्त एवढेच सांगतो की, लहरींना सीमा कळत नाही, पण लहरींच्या परवान्यांना ती फार चांगली कळते. चंदगडकडे जाताना शिनोळीला पोहोचलो की खिशातला फोन टुंग करी आणि परक्या मुलुखात आपले स्वागत होई. त्यानंतर आलेला फोन घेतला तरी पैसे कापले जात. एका कंपनीने तर मी बेळगावातल्या माझ्या घराच्या गच्चीवर उभा असताना मला महाराष्ट्रात गेलेला ठरवून पैसे कापले होते. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, "सर, तुम्ही बॉर्डरला राहता ना, मग असंच होणार!" २०१७ च्या सुमारास हे जादा आकार संपले. पण मंडळांच्या या वाटणीचा खरा परिणाम दिसला तो त्यापूर्वी, थ्री-जीच्या वेळी.

२०१० च्या एप्रिलात थ्री-जीच्या लहरींचा लिलाव सुरू झाला. ३४ दिवस, १८३ फेऱ्या, आणि सरकारच्या पदरात ६७,७१९ कोटी रुपये. विकायला काढले होते किती? बहुतेक मंडळांत खासगी कंपन्यांसाठी पाच-पाच मेगाहर्ट्झचे तीन गाळे, थोड्या मंडळांत चार. कारण २१०० च्या पट्ट्याचा मोठा भाग सैन्यदलांकडे होता. त्यात सैन्याची चूक नव्हती. देशाच्या संरक्षणाची संदेशयंत्रणा त्यावर चालत होती आणि ती रातोरात हलविता येत नाही. त्यासाठी सैन्यदलांना स्वतंत्र तंतुवाहिन्यांचे जाळे बांधून देण्याची योजना २००९ साली मंजूर झाली होती. ते काम वर्षानुवर्षे लांबत गेले आणि संरक्षण खात्याशी २१०० च्या पट्ट्यातील पंधरा मेगाहर्ट्झच्या अदलाबदलीचा निर्णय व्हायला २०१५ चा जानेवारी उजाडला.

माल थोडा आणि गिऱ्हाईक पुष्कळ, तेव्हा किंमत चढणारच. कर्नाटक मंडळातला एक गाळा सुमारे १,५८० कोटींना गेला, महाराष्ट्र-गोव्याचा सुमारे १,२५८ कोटींना आणि मध्य प्रदेशाचा सुमारे २५८ कोटींना. कर्नाटकाच्या या किमतीत बेळगाव किती, बिदर किती आणि बेंगळूर किती? उघडच आहे की ती किंमत बेंगळुरातल्या गिऱ्हाइकांकडे पाहून बोलली गेली. जिने ती मोजली त्या कंपनीने मनोरे आधी कुठे उभारले असतील, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. परवान्यातील अट पाच वर्षांत निम्म्या जिल्हा मुख्यालयांत सेवा पोहोचविण्याची होती. राहिलेल्या निम्म्यांचे आणि त्यांच्या मागच्या तालुक्यांचे काय, ते कंपनीच्या मर्जीवर. शिवाय एकाही खासगी कंपनीला साऱ्या मंडळांत थ्री-जी मिळाले नाही. कर्नाटकात ज्या मोठ्या कंपनीला गाळा मिळाला तिला महाराष्ट्र-गोव्यात मिळाला नाही. कंपन्यांनी मग एकमेकींच्या लहरी वापरण्याचे करार केले, सरकारने ते बेकायदा ठरविले, आणि २०१४ साली दूरसंचार न्यायाधिकरणाने ते वैध ठरवीपर्यंत त्यावर खटले चालले. तोवर थ्री-जीचे आयुष्य अर्धे सरले होते.

२००८ सालच्या टू-जी परवान्यांविषयी मी फार बोलणार नाही. त्यावर वृत्तपत्रांनी इतकी शाई खर्च केली आहे की आपल्या संग्रहातले त्या वर्षांचे बांधीव अंक अजून ओले असतील. २००१ च्या भावाने १२२ परवाने वाटले गेले, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या फेब्रुवारीत रद्द केले, आणि फौजदारी खटल्यातील सर्व आरोपी २०१७ साली विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. माझे मत विचाराल तर पहिल्या येणाऱ्याला जुन्या भावाने सार्वजनिक मालमत्ता देणे चुकीचेच होते. पण त्या प्रकरणाचा एक परिणाम झाला, ज्याची चर्चा फारशी होत नाही. महालेखापालांच्या २०१० च्या अहवालातील एक लाख शहात्तर हजार कोटींच्या संभाव्य तोट्याचा आकडा राज्यकर्त्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मनात भुतासारखा बसला. त्यानंतर स्पेक्ट्रम स्वस्त दिला असा आरोप होण्यापेक्षा तो न विकला गेलेला बरा, अशी वृत्ती आली. कमी किमतीचा ठपका कुणाच्या तरी नावावर बसतो. पडून राहिलेल्या लहरींचा ठपका कुणाच्याच नावावर बसत नाही.

लगेच २०१२ च्या नोव्हेंबरात याचा पहिला प्रत्यय आला. १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील पाच मेगाहर्ट्झसाठी देशभराची किमान बोली १४,००० कोटी ठेवली गेली. दिल्ली, मुंबई, राजस्थान आणि कर्नाटक या चार मंडळांत एकही बोली आली नाही. हो, आपल्या कर्नाटकातही. किमती उतरविल्यावर २०१४ च्या फेब्रुवारीत मात्र त्याच कंपन्या हिरिरीने उतरल्या आणि त्या लिलावातून ६१,००० कोटींहून अधिक रक्कम आली. मधले सव्वा वर्ष त्या लहरी हवेत तशाच होत्या.

पण माझे खरे दुःख ७०० मेगाहर्ट्झचे आहे. एक हात लांबीची, झाडी आणि डोंगर यांना दाद देणारी, खेड्यांसाठी जणू मुद्दाम घडविलेली ही लहर. २०१६ च्या ऑक्टोबरात ती प्रथम लिलावात आली. एका मेगाहर्ट्झची किमान किंमत देशभरासाठी ११,४८५ कोटी. ३५ मेगाहर्ट्झ विकायला काढले होते, म्हणजे चार लाख कोटींचा माल. एकही बोली आली नाही. २०२१ च्या मार्चमध्ये किंमत ६,५६८ कोटींवर आणली. तरी कुणी हात लावला नाही. २०२२ च्या ऑगस्टात ३,९२७ कोटींवर आल्यावर एका कंपनीने दहा मेगाहर्ट्झ घेतले, ३९,२७० कोटींना. कंपन्यांचेही सारे म्हणणे खरे मानण्याचे कारण नाही. २०१६ साली या पट्ट्यावर चालणारे फोन बाजारात कमी होते, हे त्या सांगत असत ते खरे, पण कर्जे त्यांनी आपल्या हौसेनेच वाढवून ठेवली होती. तथापि, जी वस्तू शेवटी तिसऱ्या हिश्शाच्या किमतीला दिली तिच्यासाठी सहा वर्षे वाट पाहून तिजोरीने काय मिळविले?

गायरानाची उपमा मी दिली, ती इथे अपुरी पडते. गायरानाला कुंपण घालून वर्षभर चराई बंद ठेवली तर पुढच्या वर्षी गवत दाट येते. खाणीतला धातू काढला नाही तर तो नातवंडांसाठी राहतो. रेडिओ लहरींचे तसे नाही. त्या वापरून झिजत नाहीत आणि न वापरून साठत नाहीत. काल ज्या लहरीवरून कुणी बोलले नाही, तो कालचा दिवस कुठल्याही खात्यावर जमा होत नाही.

त्या सहा वर्षांत २०२० साल येऊन गेले. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनवर आले. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सांगे-सत्तरी भागांत मुले रेंजसाठी डोंगर चढून बसत, त्यांची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहिली. मी त्या वर्षाअखेर खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यात एका नातलगाकडे गेलो होतो. गावाबाहेर माळावर एक मोठा खडक आहे. मुलांनी त्याला 'रेंजचा दगड' असे नाव दिले होते. सकाळी नऊच्या सुमारास पाच मुले आणि दोन मुली त्यावर छत्र्या घेऊन बसलेली मी पाहिली. सातांत फोन तीन. मी चौकशी करू लागलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "लागतंय की साहेब, पण गोव्याचं टावर लागतंय. ढग आलं की ते बी जातंय." मी आयुष्यभर लोकांना टेलिफोन जोडून देण्याचा पगार घेतला. त्या सकाळी त्यांच्याशी काय बोलावे हे मला सुचले नाही.

याचा अर्थ लिलावाने सारे बिघडविले असा मात्र कुणी घेऊ नये. लहरी रुंद प्रमाणात वापरात आल्या की काय घडते, हेही आपण पाहिले आहे. २०१० च्या उन्हाळ्यातच २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वीस-वीस मेगाहर्ट्झचे गाळे विकले गेले होते. साऱ्या २२ मंडळांचे गाळे जिने घेतले ती कंपनी लगोलग रिलायन्सने विकत घेतली. २०१२ च्या एप्रिलात एअरटेलने याच पट्ट्यावर कलकत्त्यात देशातली पहिली फोर-जी सेवा सुरू केली. रिलायन्स जिओची देशव्यापी सेवा मात्र २०१६ च्या सप्टेंबरात आली, लिलावानंतर सहा वर्षांनी. सरकारच्या कपाटात पडून राहिलेला पट्टा आणि विकत घेणाऱ्याच्या कपाटात पडून राहिलेला पट्टा, यांत रेंजच्या दगडावर बसलेल्या मुलाच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. पण एकदा ते कपाट उघडल्यावर जे झाले ते विलक्षण होते. २०१४ साली एका गिगाबाईटला अडीचशे रुपयांच्या वर पडत. आज त्याच मापाला दहा-पंधरा रुपयेही पडत नाहीत. आपल्या ग्रंथालयाच्या सभासदांत दुपारी वर्तमानपत्राआड फोन धरून बसणारे किती आहेत, ते ग्रंथपाल सांगतील.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. दक्षिण आफ्रिकेत पंधराहून अधिक वर्षे मोबाईल कंपन्यांना नवा मोठा पट्टा मिळालाच नाही. जुन्या पद्धतीचे दूरदर्शन बंद करून लहरी मोकळ्या करण्याचे काम लांबले आणि सरकार व नियामक संस्था यांचा वाद न्यायालयात गेला. २०२० च्या एप्रिलात, साथीच्या धास्तीने, तात्पुरत्या म्हणून लहरी दिल्या गेल्या. जे पंधरा वर्षांत जमले नाही ते काही आठवड्यांत जमले. रीतसर लिलाव त्यानंतर २०२२ च्या मार्चमध्ये झाला.

ब्राझीलने निराळी वाट धरली. २०२१ च्या नोव्हेंबरातील फाइव्ह-जीच्या लिलावात त्या सरकारने किमतीचा मोठा भाग रोख न मागता कामाच्या रूपाने मागितला. फोर-जी न पोहोचलेल्या वस्त्या आणि महामार्ग, ॲमेझॉनच्या खोऱ्यातील नद्यांच्या तळातून तंतुवाहिन्या, शाळांना इंटरनेट, अशी कामे. आपण आधी रोख पैसे घेतो, मग कंपन्यांच्या उत्पन्नातून ग्रामीण सेवेच्या निधीसाठी पाच टक्के घेतो, आणि मग त्या निधीतून राहिलेल्या गावांत मनोरे उभारतो. २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारने फोर-जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली आणि काम भारत संचार निगमकडे सोपविले. योजना चांगली आहे. पण लिलावात ज्या गावांना कुणी मोजले नाही त्यांच्यासाठीच हा खर्च मागाहून करावा लागतो आहे, आणि ब्राझीलची पद्धत मला बरी वाटते ती एवढ्यासाठी की तिथे गाव आधी मोजले जाते.

आपल्याकडे आता कायदा बदलला आहे. १८८५ चा तारायंत्राचा आणि १९३३ चा, वडिलांच्या परवान्याचा, असे दोन्ही जुने कायदे मागे सारणारा दूरसंचार अधिनियम २०२३ साली संमत झाला. त्याच्या सातव्या कलमात एक तरतूद आहे, ती ग्रंथालयाच्या सभासदांना चटकन समजेल. घेतलेला स्पेक्ट्रम पुरेशा कारणावाचून ठरावीक काळ न वापरता ठेवला तर सरकार तो परत घेऊ शकते. पुस्तक नेले, वाचले नाही, दुसऱ्यालाही दिले नाही, तर परत करा. हे कलम २०२४ च्या जुलैत अमलात आले. माझी सूचना इतकीच की, 'वापर' कशाला म्हणायचे ते मंडळावार न ठरविता तालुकावार ठरवावे. बेंगळुरात दहा मनोऱ्यांवर वापरलेला पट्टा खानापुरात वापरला गेला असे मानू नये. जिथे कंपनीला तो नको आहे तिथे तो दुसऱ्या कुणाला, सहकारी संस्थेला किंवा ग्रामपंचायतीलासुद्धा, माफक भाड्याने देता यावा. आणि जो नियम कंपनीला तोच सरकारलाही असावा. एखादा पट्टा दोनदा लिलावाला लावून विकला गेला नाही, तर तिसऱ्यांदा किंमत काय असावी हे बाजाराला विचारावे, किंवा तो ग्रामीण सेवेसाठी मोकळा सोडावा. पहिल्या लिलावापासून सहा वर्षे थांबू नये. या सूचना माझ्या एकट्याच्या नाहीत, आणि सरकारी माणसांना त्या ठाऊक नाहीत असेही नाही. पण ज्यांचा यात तोटा होतो ते लिलावाच्या दालनात नसतात, म्हणून मी त्या येथे, जिथे आमदार-खासदारही अधूनमधून वाचायला येतात अशा ठिकाणी, बोलून दाखवितो आहे.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या वाडीत पुन्हा जाऊन आलो. अलीकडच्या गावात नवा मनोरा उभा राहिला आहे, भारत संचार निगमचा. वाडीतल्या चार घरांत अंगणातूनच फोन लागतो. खालच्या आळीत मध्ये डोंगराची सोंड येते म्हणून अजून लागत नाही. त्या दिवशी दगडावर बसलेल्यांपैकी एक मुलगी आता खानापूरला महाविद्यालयात जाते. तिने मला विचारले, "आजोबा, आमच्या आळीला कधी येईल?" मी मनोऱ्याचा पट्टा कोणता ते पाहून घेतले, अंतर पावलांनी मोजले, डोंगराची उंची अंदाजे काढली आणि तिला सांगितले की, सातशेचा पट्टा याच मनोऱ्यावर चढविला तर येण्यासारखा आहे. ती म्हणाली, "मग चढवा की." तिचा अर्ज मी लिहून संबंधित कार्यालयाकडे धाडला आहे आणि त्याची पोच आली आहे. पुढचे उत्तर आले म्हणजे कार्यवाहांना कळवीन.